आठाचे सोळा

नांग फेलीच्या टेबलाला गिऱ्हाइकाने हात लावलेला तिला खपत नसे. सेबू शहरातल्या कोलोन रस्त्यावर रुस्तिको तुमुलाकचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात तिचं टेबल. टेबलावर एक सूक्ष्मदर्शक, गरम हवा सोडणारं यंत्र, खालून तापणारी एक तबकडी आणि पाच-सहा चिमटे. पुढे रुस्तिको नवी यंत्रं विकायचा; मागे नांग फेली बंद पडलेली ग्राफिक्स कार्डं पुन्हा चालू करायची. पंचावन्न वर्षांची, ठेंगणी, आखूड केसांची बाई. नांग म्हणजे थोरली बहीण, पण साठीच्या पुढचे लोकही तिला नांगच म्हणत, आणि ती दरवेळी म्हणायची, "तुमची थोरली बहीण असते तर एव्हाना वर गेले असते."

हे काम ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. समोरच्या मक्तान बेटावर एका कारखान्यात तिने एकोणीस वर्षं काढली होती. काम एकच. चिपेच्या पाठीवर खसखशीच्या दाण्याहून लहान असे कथलाचे पावणेदोनशे गोळे असतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, एखादा चपटा किंवा गायब असला तर ती चिप बाजूला टाकायची. दिवसभर तेच. त्या चिपा पुढे कुठे जातात, कोणाच्या घरी काय करतात, हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि तासाचा आकडा गाठण्याच्या घाईत तिनंही कधी विचारलं नाही. मग एका डिसेंबरात ते काम दुसऱ्या देशात गेलं आणि तिच्यासारख्या तीनशे बायका घरी बसल्या. रुस्तिको तिच्या गल्लीतला. एक बंद पडलेलं कार्ड तो सहज तिच्याकडे घेऊन गेला होता. तिने ते उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाली, "डावीकडचा तिसरा. त्याचा पाय उचललाय." दुसऱ्याच आठवड्यात दुकानात तिचं टेबल आलं. त्याला आता आठ वर्षं झाली होती.

कप्तान आन्सेल्मो सुमालिनोग आला तो एका मंगळवारी सकाळी. कामोतेस बेटांवरच्या पुंता लागुन गावाहून, पहिल्या बोटीने. केळ्यांच्या खोक्यात टॉवेलात गुंडाळलेला कॉम्प्युटर त्याने तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला होता. वय एकोणसत्तर, त्यातली अडतीस वर्षं मालवाहू जहाजांवर गेलेली.

"हा चालतो," तो रुस्तिकोला म्हणाला, "पण चालता चालता अडखळतो."

"म्हणजे बंद पडतो?"

"बंद पडला असता तर दुरुस्त तरी केला असता. अडखळतो. जहाज नीट चाललेलं असतं, मी बंदराकडे वळवायला जातो, आणि सगळं थांबतं. मग पुन्हा चालतं. तोवर मी धक्क्यावर आदळलेलो असतो. अडतीस वर्षांत मी धक्क्याला ओरखडाही काढला नाही, आणि या आठवड्यात नऊ वेळा आदळलो."

त्याने याआधी तीन दुकानं केली होती. एकाने प्रोसेसर बदलायला सांगितला, दुसऱ्याने वीज कमी पडते म्हणून जास्त ताकदीची वीजपेटी विकली, तिसऱ्याने पंखे साफ करून पैसे घेतले. अडखळणं होतं तिथंच.

"कसला गेम आहे?" मागून नांग फेलीने विचारलं.

कप्तानाने सांगितलं ते असं. जहाज हाकण्याचा एक गेम असतो. त्यात आपल्याला हवं ते बंदर आपण बांधून घालू शकतो. पुंता लागुनचं जुनं बंदर मोठ्या वादळात गेलं. धक्का, गोदाम, बेकरी, सगळं एका दुपारी समुद्राने नेलं. गावात निवृत्त खलाशी सात. त्यांच्यातला पोर्फिरिओ जहाजावर बिनतारी यंत्र सांभाळायचा, पण जीव सगळा कॅमेऱ्यात. त्याने चाळीस वर्षांत काढलेल्या हजारो फोटोंवरून या सातांनी दोन वर्षं खपून ते बंदर गेममध्ये पुन्हा उभं केलं होतं. भिंतीवर भिंतीचा खरा फोटो, होडीवर त्या होडीचाच खरा रंग. तीन आठवड्यांनी गावचा सण. सभागृहात नवा मोठा टीव्ही आला होता, फोर-के. त्यावर साऱ्या गावाला बंदर दाखवायचं ठरलं होतं.

"घरच्या लहान स्क्रीनवर अडखळायचा?" तिने विचारलं.

"नाही. तिथं लोण्यासारखा चालायचा. मोठ्या टीव्हीला लावला आणि हे सुरू झालं."

"बरं," ती म्हणाली, आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

दुकानातल्या मोठ्या स्क्रीनला तिने यंत्र जोडलं, कोपऱ्यात आकडे दिसायची सोय केली आणि कप्तानाला खुर्चीत बसवलं. जहाज उघड्या समुद्रात असेतो चित्र सुरळीत होतं. गाव दिसू लागलं तसा एक आकडा चढत गेला. सहा, साडेसहा, सात. जहाज बंदराच्या तोंडाशी वळलं, आकडा आठाच्या जेमतेम खाली येऊन ठेपला, आणि चित्र गचका खाऊन थांबलं.

"बघा, बघा," कप्तान म्हणाला. "हे असं."

"हात काढू नका. पुन्हा समुद्रात घ्या, आणि पुन्हा या."

तीनदा केलं. तीनदा त्याच जागी गचका. मग तिने चित्राचा बारकावा लहान स्क्रीनइतका कमी केला. आकडा साडेपाचावर राहिला आणि जहाज अलगद धक्क्याला लागलं.

"कार्डात काही बिघाड नाही," ती म्हणाली. "त्याची जागा संपते. कार्डाला स्वतःची मेमरी असते. भिंती, होड्या, पाणी, तुमचे सगळे फोटो त्याला तिथे हाताशी लागतात. या कार्डाला ती आठ जीबी आहे. फोर-के म्हणजे चारपट ठिपके. शिवाय तुमचे हे फोटो एवढे बारीक. आठ भरले की उरलेलं सामान कॉम्प्युटरच्या मेमरीत जाऊन पडतं. ते तिथून आणायला वेळ लागतो. तेवढा वेळ तुमचं जहाज थांबतं."

"कार्ड तर वेगवान आहे म्हणाले होते."

"आहेच की. वेगाचा प्रश्नच नाही. हात कितीही चपळ असला तरी सामान शेजारच्या घरात असेल तर उठून जावंच लागतं."

रुस्तिकोला हे पटेना. "नांग, मेमरीनं एवढा फरक? अगं, या कार्डाची ताकद बघ."

ती उठली आणि फळीवरून एक जुनं कार्ड घेऊन आली. ताकदीने निम्मं, पण मेमरी बारा. तेच यंत्र, तोच गेम, तोच बारकावा. चित्र जरा जड हललं, पण जहाज बंदरात शिरलं, वळलं, धक्क्याला लागलं. कुठे गचका नाही. रुस्तिको स्क्रीनकडे बघत राहिला.

"म्हातारं कार्ड जिंकलं की," तो म्हणाला.

"जिंकलं नाही. थांबलं नाही, एवढंच. हेच लावून द्यायचं तर तेही चालेल, पण वारा-लाटा सुरू केल्या की ते दमेल."

तिने कप्तानाला आणखी एक फुकटचा उपायही सांगितला: फोटोंचा बारकावा एक पायरी खाली घ्या, सात जीबीत बसेल, गोष्ट संपली. तसं करून दाखवलंही. जहाज छान चाललं. पण बेकरीच्या दारावरची पाटी धुरकट झाली, होड्यांची नावं वाचता येईनात. कप्तान बराच वेळ ती पाटी बघत होता.

"हे आमचं गाव नाही, इंदाय," धाकट्या बहिणीला हाक मारावी तसा तो हळू म्हणाला. "हे कुठलंही गाव आहे."

"मग नवं सोळा जीबीचं घ्या," रुस्तिको म्हणाला. "माझ्याकडे आहे."

"हे आहे तेच आम्ही सात जणांनी मिळून घेतलंय. पुन्हा तेवढं जमवायचं म्हणजे पुढचं वर्ष. आणि आमच्यात पुढच्या वर्षीचं कोणी बोलत नाही. पोर्फिरिओला तर डॉक्टर या महिन्याचंही नीट सांगत नाहीत."

नांग फेलीने कार्ड यंत्रातून काढलं, पंखे सोडवले आणि त्याची उघडी सर्किटची पाटी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. मधोमध मोठी चिप, भोवती मेमरीच्या आठ. एकेक जीबीच्या. याच मापाच्या दोन जीबीच्याही येतात, पाय तसेच, जागा तेवढीच. आठ काढायच्या, आठ बसवायच्या. परदेशात काही लोक हे करतात, हे तिने ऐकलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं. मोडलेलं जोडणं वेगळं. धडधाकट कार्ड उघडून त्यात हात घालायचा आणि ते गेलं तर?

"उद्या सांगते," ती म्हणाली.

घरी सिरिलो अंगणात गिटारीचं पोट घासत बसला होता. तिचा नवरा गिटारी बनवायचा, त्याचा बापही बनवायचा. जेवताना तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"गेलं तर काय होईल?"

"सात म्हाताऱ्यांचं कार्ड जाईल."

"आणि नाही केलंस तर?"

"धुरकट बंदर दिसेल."

"त्यांना हे असं सांग. आणि त्यांनाच ठरवू दे. तू का रात्रभर कूस बदलतेस?"

तिने सकाळी कप्तानाला तसंच सांगितलं. होईलच असं नाही. गेलं तर पुरतं जाईल. तुम्ही सातही जणांना विचारा. कप्तानाने तिथूनच फोन लावला. पलीकडून खोकल्याचा आवाज आला, मग एक बारीक, धारदार आवाज. पोर्फिरिओ होता तो.

"कर म्हणावं तिला. जहाज धक्क्याला बांधून ठेवायला घेतलं नव्हतं."

चिपा कुठून आणायच्या हा प्रश्न होता. वादळात शहरातल्या कितीतरी दुकानांत पाणी शिरलं होतं आणि तिथली मेलेली कार्डं रुस्तिकोने किलोवर घेऊन ठेवली होती. त्यातलं एक नव्या जातीचं होतं, दोन-दोन जीबीच्या चिपांचं. पाटी सडलेली, पण चिपा वरून तरी ठणठणीत. नांग फेलीने त्या एकेक करून उतरवल्या, पाठी पुसल्या आणि प्रत्येकीवर नवे गोळे बसवले. पावणेदोनशे गोळे, आठ वेळा. दोन दिवस त्यात गेले. मग कप्तानाचं कार्ड तबकडीवर तापत ठेवलं, वरून गरम हवा दिली. कथील वितळल्यावर चिप चिमट्याला अगदी हलकी लागते, जराही ओढावी लागत नाही. आठही निघाल्या. नव्या आठ बसल्या. कार्डाला आपली मेमरी किती हे कळतं ते पाटीवरच्या काही बारक्या रेझिस्टरांच्या जागेवरून. तिने ते उचलून नव्या जागी लावले. वाळूच्या कणाएवढे. तेवढा वेळ रुस्तिकोने पुढचा पंखासुद्धा बंद ठेवला आणि गिऱ्हाइकांना हळू बोलायला लावलं.

यंत्र सुरू केलं तर पडद्यावर उभ्या हिरव्या पट्ट्या.

नांग फेली खुर्चीत मागे टेकली. रुस्तिको येऊन शेजारी उभा राहिला.

"गेलं का गं?"

"नाही. सातजणी बोलतायत. एक मुकी आहे." तपासणीत तिने ती शोधून काढली. पाण्यातली चिप, बाहेरून चांगली, आतून गेलेली. तिच्या जोडीची, त्याच बनावटीची आणखी एक हवी होती, आणि मेलेल्या कार्डांच्या ढिगात तसं दुसरं नव्हतं. तिने चार दुकानांत फोन केले. कोणाकडे नव्हतं.

मग रुस्तिकोने स्टूल ओढलं आणि दर्शनी भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेलं कार्ड खाली काढलं. दुकानाने अलीकडे पहिल्यांदा नफा दाखवला त्या वर्षी जळालेलं, तेही नव्या जातीचं. त्याने हौसेने मढवून लावलं होतं.

"यात आहेत बघ," तो म्हणाला. "भिंतीवर डाग दिसेल आता."

"कॅलेंडर लाव."

"आठ वर्षं भाडं देतेस म्हणून ऐकून घेतो तुझं."

मढवलेल्या कार्डातली एक चिप जिवंत निघाली. ती बसली आणि चित्र आलं. कोपऱ्यात आकडा: सोळा. रुस्तिकोने स्वतः जहाज बंदरात नेलं. आकडा आठावर आला, आठ ओलांडून पुढे गेला, सव्वाअकरावर थांबला. गचका नाही. बेकरीची पाटी स्वच्छ दिसत होती.

पण नांग फेलीने घाई केली नाही. गेम बंद करून यंत्र नुसतं ठेवून दिलं, आणि पाच मिनिटांत पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसंच. काम असताना ठीक, निवांत झालं की बेशुद्ध. यावर तिचा दीड दिवस गेला. शेवटी तिच्या लक्षात आलं की काम नसलं की कार्ड मेमरीचा वेग उतरवतं, आणि त्या उतरण्यातून या नव्या चिपा परत वर येत नाहीत. तिने सेटिंग बदललं: वेग उतरवायचाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत यंत्र चालू ठेवलं. पडदा जागा राहिला.

"याला विश्रांती मिळणार नाही," तिने कप्तानाला सांगितलं. "वीज जास्त खाईल, तापेल जास्त. आणि मी काही नव्या कार्डाची हमी देत नाही. पण सणापुरतं तर नक्की चालेल, आणि पुढेही चालावं."

"आमच्याइतकं चाललं तरी पुरे," कप्तान म्हणाला.

सणाला तिला यावंच लागेल असं सातही जणांचं म्हणणं पडलं. रविवारी ती आणि सिरिलो बोटीने गेले. पुंता लागुनच्या सभागृहात भाजलेल्या डुकराचा वास आणि दोनशे माणसं. दारात नारळाच्या पानांत बांधलेल्या भाताचे घोस टांगलेले. पोर्फिरिओला खाटेसकट उचलून पहिल्या रांगेत आणलं होतं. काडीसारखा माणूस, पण डोळे सगळ्यांवर.

कप्तानाने जहाज उघड्या समुद्रात सुरू केलं. गाव दिसू लागलं तशी कुजबुज वाढली. बंदराच्या तोंडाशी त्याने वळण घेतलं. जहाज आत शिरलं. धक्का, गोदाम, रांगेत बांधलेल्या होड्या. सभागृहात लगेच भांडण सुरू झालं.

"ती होडी निळी नव्हती."

"निळीच होती. तू तेव्हा पनामात होतास."

"पनामात असलो तरी होडी माझ्या मेव्हण्याची होती."

बेकरीसमोर कप्तानाने जहाज थांबवलं. बेकरीवाल्याची विधवा लोला बासिंग, ऐंशीच्या पुढची, काठी टेकत टीव्हीच्या अगदी जवळ गेली. दारावरच्या पाटीवर पावांचे दर खडूने लिहिलेले होते. तिने बोटाने काचेवर एक आकडा दाखवला.

"हा सात आहे," ती म्हणाली. "त्याचा सात एकासारखा दिसायचा. रोज कोणीतरी भांडायला यायचं." ती तशीच उभी राहिली. मागच्यांना दिसेनासं झालं होतं, तरी तिला कोणी बाजूला हो म्हणालं नाही.

नांग फेली भिंतीशी उभी होती. एकोणीस वर्षं तिने त्या चिपांच्या पाठी बघितल्या होत्या, आणि नंतर आठ वर्षं त्या जोडल्या होत्या. त्यांच्यातून निघालेलं चित्र कोणासाठी असतं, हे तिने आज प्रथम पाहिलं. सिरिलोने तिच्याकडे पाहिलं आणि खिशातला रुमाल पुढे केला. मग खलाशांनी तिला ओढून खुर्चीत बसवलं. तिने जहाज थेट गोदामात घातलं. सभागृह हसलं. पोर्फिरिओ खोकत खोकत म्हणाला, "कार्डाचा दोष नाही हां हा."

त्यानंतर लोक आठाची कार्डं घेऊन कोलोन रस्त्यावर यायला लागले. ती आधी विचारी, स्क्रीन केवढा, गेम कोणता. दहातल्या सातांना सांगे, तुम्हाला आठ पुरतात, घरी जा. रुस्तिको कपाळावर हात मारून घेई. उरलेल्यांची तिने वर्षभरात अकरा कार्डं केली. त्यातली दोन गेली, आणि जाऊ शकतील हे तिने आधीच सांगितलेलं होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कप्तान आला, सुक्या माशांची पुडी घेऊन. पोर्फिरिओ ऑक्टोबरात गेला, त्याने सांगितलं. शेवटपर्यंत घरच्या लहान स्क्रीनवर दीपस्तंभ बांधत होता. पायऱ्या तेवढ्या राहिल्या. आता सहाजण त्या पूर्ण करतायत.

"कार्ड कसं आहे?" तिने विचारलं.

"चालतंय. तापतं. पंख्यासमोर ठेवलंय."

परतीच्या बोटीला अजून दोन तास होते. नांग फेलीने हातातलं काम झाकून ठेवलं, चहाला पाणी टाकलं आणि दुसरी खुर्ची टेबलाजवळ ओढली. कप्तान बसला, आणि दीपस्तंभाला पायऱ्या किती होत्या यावर गावात दोन मतं कशी आहेत ते तिला सांगू लागला.